खंडेनवमीला वाकलेली नळी

मित्रांनो, बोरिवलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गच्चीवर, कठड्यालगत दोन विटांवर ठेवलेली एक वाकडी नळी तुम्हाला दिसेल. तिच्यावर कावळे बसतात, कुणीतरी ओला नॅपकिन वाळत घालतो, आणि दरवर्षी नवी मुले आली की एकजण हमखास विचारतो, "हे भंगार अजून इथे कशाला?" ते भंगार म्हणजे मी. माझे वय तसे फार नाही, पण नळीच्या जातीत मी म्हातारीच. मी उन्हापासून वाफ केली आहे, मित्रांनो. सरळ नुसत्या उन्हापासून. ही बढाई मुंबईतल्या किती नळ्यांना मारता येईल, ते तुम्हीच सांगा.

माझा जन्म अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. चार मीटर लांब, मनगटाएवढी जाड, पोलादाची. माझ्याबरोबर कापलेल्या नळ्यांपैकी कुणी जिन्याचा कठडा झाली, कुणी आग विझवायच्या पाण्याची लाइन झाली. मला मात्र घासूनपुसून काळा लेप दिला आणि भट्टीत भाजले. तो लेप असा की आत आलेले ऊन सहसा बाहेर सोडायचा नाही. वर काचेचा लांब झगा चढवला, म्हणजे वाऱ्याने माझी ऊब पळवू नये. एवढा नट्टापट्टा झाल्यावर मी थोडी शेफारले, हे कबूल करते.

गच्चीवर आल्यावर कळले की मी एकटी नाही. आम्ही सहा बहिणी एकामागे एक जोडल्या गेलो आणि आमच्या खाली आरशांची लांबच लांब पन्हळ आली. घराच्या कडेची पन्हळ पावसाचे पाणी गोळा करते ना, तशी ही ऊन गोळा करायची आणि सगळे एका रेषेत, नेमके आमच्या अंगावर टाकायची. सकाळी तिचे तोंड नॅशनल पार्कच्या डोंगराकडे, दुपारी आभाळाकडे, संध्याकाळी गोराईच्या खाडीकडे. सूर्य सरकेल तशी एक छोटी मोटर तिला फिरवायची. रात्री आणि कामाच्या सुट्टीत ती पालथी घालायची, असा रिवाज होता.

हे सगळे उभे केले शर्मिष्ठा मॅडमनी. त्या कॉलेजात शिकवतात. अंगाने लहानखुऱ्या, पण आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर गेटवरचा वॉचमन उभा राहतो. त्या मुलांना सांगायच्या, "जगात बहुतेक ठिकाणी अशा नळ्यांमधून तेल फिरवतात. तेल तापतं, ते दुसरीकडे जाऊन पाण्याला तापवतं, मग वाफ होते, मग टर्बाइन फिरतं. अरे, पण मधे हा दलाल कशाला? पाणीच घाला ना नळीत. नळीतच वाफ होऊ दे!"

बोलायला सोपे होते. करायला गेल्यावर माझा जीव मेटाकुटीला आला. तेल बिचारे शांत असते. नुसते तापते आणि पुढे जाते. पाणी उकळू लागले की त्याचे वागणे बदलते. पहिल्या दोन बहिणींच्या पोटात ते गुमान तापायचे. शेवटच्या दोघींच्या पोटात वाफेचा जोर आलेला असायचा. मी होते चौथी. माझ्या पोटात दोन्ही एकदम! खाली पाणी, वर वाफ. पाणी कमी पडले की ते तळाशी लोळायचे आणि माझी वरची बाजू कोरडी पडायची. सकाळ-संध्याकाळ आरसा बाजूने ऊन टाकतो, तेव्हा तर ती कोरडी बाजू नको तेवढी तापायची. एक बाजू गरम, एक बाजू गार, अशी मी दोन बाजूंनी ओढली जायचे. मग माझ्यातून ठकठक आवाज यायचा. मॅडमच्या पडद्यावर आकडे नाचायचे आणि मुले डोके खाजवायची.

तेव्हा मॅडमनी सीतारामकाकांना आणले.

सीताराम घाडीगावकर. मूळचे मालवणकडचे. परळच्या एका मिलमध्ये बॉयलरवर होते, मिल बंद पडल्यावर एका हॉस्पिटलच्या बॉयलरवर. मिळून बत्तीस वर्षे. आता सत्तरी ओलांडलेली, काजूपाड्याला लेकाकडे राहतात. पहिल्या दिवशी ते आले तेव्हा हातात एक सागाची हातभर दांडी होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दोन नळ्यांच्या सांध्यावर, जिथे काचेचा झगा नसतो, तिथे दांडीचे एक टोक टेकले आणि दुसरे टोक कानाला लावले. पहिली, दुसरी, तिसरी. माझ्यापाशी आल्यावर ते थबकले.

"पाणी वाढव गो बाय," ते म्हणाले. "हिची पाठ सुकली हा."

ज्या मुलीला ते म्हणाले ती समीक्षा. गोराईच्या कोळीवाड्यातली, रोज बोटीने खाडी ओलांडून कॉलेजला येणारी. तिने भीत भीत पाणी वाढवले. माझ्यातली ठकठक थांबली. पाण्याने मला आतून सगळीकडे ओले केले आणि त्यातूनच वाफ जोरात धावू लागली. त्या क्षणी मला या म्हाताऱ्याबद्दल जे वाटले ते आजही तसेच आहे. इतक्या वर्षांत माझे म्हणणे कुणी ऐकले होते तर ते यांनीच.

"पण काका, जास्त पाणी घातलं तर वाफेबरोबर पाणी पण जाईल ना पुढे?" समीक्षा म्हणाली. "टर्बाइनची वाट लागेल!"

"जाऊ दे की. शेवटी एक टाकी बसव. वाफ वरून जायत, पाणी खालून परत फिरव. बॉयलरात दुसरा काय असता?"

मॅडमच्या पुस्तकांत हाच उपाय मोठमोठ्या आकृत्यांनी दिला होता, हे त्यांनी नंतर हसत हसत सांगितले. काकांनी तो एका वाक्यात सांगितला. टाकी बसली, उरलेले पाणी पुन्हा फिरू लागले, आणि त्या थंडीत आमच्या वाफेने छोटे टर्बाइन फिरवले. शेडमध्ये तारेवर लावलेले बारा दिवे लागले. भर दुपारी लागलेल्या त्या दिव्यांचा उजेड कुणाला दिसणार? तरी सगळी मुले खाली बसून बघत होती. समीक्षा तर टाळ्या वाजवत होती.

काकांना एका गोष्टीचा अभिमान होता आणि ती ते चहाबरोबर रोज सांगायचे. बॉयलरला एक काच असते, तिच्यात आतले पाणी दिसते. बत्तीस वर्षांत त्यांच्या पाळीला पाणी कधी काचेच्या खाली गेले नाही. कोरडा बॉयलर हे त्या धंद्यातले सर्वांत मोठे पाप. रोज गच्चीवर आल्या आल्या ते पहिला प्रश्न विचारायचे, "पाणी हा ना?" नमस्कार वगैरे नंतर.

आता त्या दिवसाचे सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्यानंतर चार आठवड्यांनी आमची मोठी परीक्षा होती. बाहेरगावचे तज्ज्ञ येणार होते. सलग सहा तास, एकसारखी वाफ, सगळे दिवे एकदाही न विझता. जमले तर मॅडमच्या सात वर्षांच्या कामाला पुढची वाट मिळणार होती. नाही जमले तर संस्था आमची रांग उतरवून ठेवणार होती. हे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे खंडेनवमीची पूजा जरा जास्तच मनापासून झाली.

मिलमध्ये काकांच्या खात्याची एक रीत होती. खंडेनवमीला बॉयलरची आग विझवायची, जुने पाणी सोडून द्यायचे, आतबाहेर धुवायचे, आणि दसऱ्याच्या सकाळी नवे पाणी भरून पहिली वाफ काढायची. वर्षभर राबलेल्या यंत्राला एक दिवस न्हाऊमाखू घालून विश्रांती. काकांनी तेच केले. आदल्या संध्याकाळी पंप बंद करून आम्हा सहा जणींतले पाणी सोडून दिले आणि म्हणाले, "उद्या काय काम नाय तुमका. झोपा."

सकाळी समीक्षा हार घेऊन आली. आरसे पालथे होते. पालथ्या यंत्राची कसली पूजा, म्हणून तिने चाक फिरवून पन्हळीचे तोंड वर केले. दहा वाजले होते, सूर्य अजून पूर्वेला कलता होता, त्यामुळे आमच्या अंगावर ऊन गोळा होण्याचा प्रश्नच नव्हता. हळदीकुंकू लागले, झेंडूचा जाडजूड हार माझ्याच झग्यावर चढला. मी खूश! आरती झाली, नारळ फुटला, आणि बाराच्या सुमारास सगळे प्रसादाला खाली गेले. काका तेवढे जिन्याच्या तोंडाशी सावलीत पेढा घेऊन बसले.

मित्रांनो, मिलमध्ये ही चूक झालीच नसती. तिथली आग माणूस पेटवतो आणि माणूस विझवतो. आमची आग कुणाच्या हातात होती? पन्हळ जागच्या जागी होती, पण सूर्य चालत होता. साडेबाराला दहा मिनिटे असताना तो बरोबर डोक्यावर आला. वर तोंड केलेल्या आरशाने, आपले रोजचे काम म्हणून, सगळे ऊन गोळा केले आणि माझ्या रिकाम्या पोटावर ओतले.

पोटात पाणी असताना ऊन म्हणजे काम. पोट रिकामे असताना ऊन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. आधी हाराचा धूर निघाला. मग माझी खालची बाजू ताणली जाऊ लागली. तापले की आम्ही लांबतो, म्हणून आमच्या आधाराला सरकायची सोय असते. बाकीच्या पाच जणी सरकल्या, निवल्यावर परत आल्या. माझा आधार खाडीच्या खाऱ्या हवेने गंजून अडकला होता आणि तो साफ करायचे राहून गेले होते. मला कुठेच जाता येईना. मी खाली वाकले, काचेला टेकले आणि काच तडकली.

काकांना जळक्या झेंडूचा वास आला असावा, कारण काच फुटायच्या आत ते उठले होते. पूजेची सतरंजी ओढून त्यांनी ती आरशावर टाकली. तोवर समीक्षा धावत वर आली. "काका, पंप लावते! पाणी सोडते!"

"नको!" काका इतक्या जोरात ओरडले की कावळे उडाले. "पाणी नको! तापलेल्या कोरड्या नळयेक पाणी लावलंस तर फुटात ती, तुझ्या अंगावर येयत!"

मला तहान लागली होती आणि मला पाणी देता येत नव्हते. काका माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मुठीतला पेढा चिरडला गेला होता, तेही त्यांना कळले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मला कापून रांगेतून काढले आणि या कठड्यालगत ठेवले. अंधेरीहून नवी नळी यायला दहा दिवस होते. मॅडम पडद्यासमोर बसून राहायच्या, पण पाणी किती आणि कधी द्यायचे, हे आतापर्यंत काकांच्या कानाने ठरत होते. पडद्यावर आकडा यायचा तो काकांच्या कानानंतर.

पाचव्या दिवशी काका आले ते शेडची किल्ली परत करायला. समीक्षा आरसे धूत होती. किल्ली तिच्यापुढे धरून ते म्हणाले, "मॅडमांका दी. बत्तीस वर्षां पाणी काचेखाली गेला नाय. माझ्याच हातान मी नळी सुकवली. आता माका या कामाचा नाव नको."

समीक्षाने किल्ली घेतली नाही. "आरसा मी वर केला, काका. तुम्ही नळी रिकामी केलीत आणि मी तिला सूर्यासमोर धरली. चार रात्री झोपले नाहीये मी. तुम्ही किल्ली देऊन मोकळे व्हाल, मी काय देऊ? मी तर अजून पास पण नाही झाले!"

तेवढ्यात मॅडम वर आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पंप बंद करायला होकार मी दिला होता, काका. आरसा पालथा राहील असं मी धरून चालले. आधाराचा गंज पण माझ्याच यादीत होता. पण मला आत्ता रडायला वेळ नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून एक नियम सांगा. तुमच्या शब्दांत. मग जायचं तर जा."

काकांनी आरशाच्या कडेला हात लावला. मग म्हणाले, "नळी रिकामी, तर आरसो पालथो."

समीक्षाने लाल रंग आणला आणि माझ्या डोक्यावरच्या कठड्यावर हातभर अक्षरांत ते लिहिले. मालवणीतच लिहिले, शुद्ध करायच्या भानगडीत पडली नाही. काका उभे राहून प्रत्येक अक्षर बघत होते. शेवटी किल्ली खिशात टाकून म्हणाले, "बसान ऐकान. पण पाण्याच्या वॉलाक हात लावचंय नाय."

परीक्षेच्या दिवशी ते इथे, माझ्याशेजारी स्टुलावर बसले. दांडी मांडीवर. आणि मी पहिल्यांदाच आमचे यंत्र बाहेरून पाहिले! इतकी वर्षे मी त्याच्या पोटात होते, मला काय ठाऊक ते कसे दिसते? आरशांत आभाळ उतरले होते आणि मधोमध सहा नळ्या पांढऱ्याशुभ्र उजळल्या होत्या, डोळे ठरेनात. चौथ्या जागी नवी नळी. मला तिचा हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? पण त्याहून जास्त, ही आपली माणसे केवढे काम करतात, याने माझे मन भरून आले.

पाच तास सुरळीत गेले. मग डोंगराकडून ढगाचा एक मोठा तुकडा आला आणि सगळ्या रांगेवर सावली पडली. ऊन कमी झाले तसे यंत्राने आपणहून पाणीही कमी केले. हिशेब चुकीचा नव्हता. पण काकांनी मान वर केली. ते पडद्याकडे नाही, ढगाच्या कडेकडे बघत होते.

"समीक्षा, पाणी वाढव. आत्ता."

"काका, पण आत्ता ऊनच नाहीये! किती वाढवू?"

किती, हे काकांना सांगता येईना. ते त्यांच्या हाताला माहीत होते, तोंडाला नाही. ढगाची कड सरकत होती. मागे सारलेले ऊन आता एकदम येणार आणि त्या नव्या नळीच्या पोटात पुरेसे पाणी नसणार, हे मला इथे कळत होते. मी तिथूनच गेले होते ना! काकांनी आपले दोन्ही हात पाहिले. मग उठले, दांडी समीक्षाच्या हातात दिली आणि वॉल्व्ह धरला.

"तू ऐक. चौथी काय म्हणता सांग."

समीक्षाने दांडी सांध्याला लावून कान टेकला. "ठकठक आहे... अजून आहे... काका, अजून... थांबली! थांबली, काका!"

आणि ऊन आले. झगझगीत, एकदम, सहाही नळ्यांवर. चौथीने ते पोटभर घेतले. शेडमधले बारा दिवे क्षणभर मंद झाले, मग स्थिर जळू लागले आणि सहावा तास पूर्ण होईपर्यंत एकही विझला नाही. आमची रांग उतरवली नाही. उलट, मॅडम आता राजस्थानात अशाच मोठ्या रांगेच्या कामासाठी जाऊन येऊन असतात, आणि दांडी समीक्षाकडे असते.

यंत्राची काळजी म्हणजे तेल घालणे, गंज काढणे, हे तर खरेच. ते राहिले की काय होते, ते माझ्या अंगावर दिसते आहे. पण मित्रांनो, विश्रांती द्यायची तर आधी त्याच्यासमोरची आग बाजूला करा. मायेने केलेली गोष्टही एकदा तपासून घ्या. माझ्या बाबतीत चूक केली ती सगळी माझ्यावर जीव असणारी माणसे होती.

गेल्या खंडेनवमीला पूजा झाली तेव्हा आरसे पालथे होते, नळ्या भरलेल्या होत्या आणि पंप हळू चालू होता. हार आरशाच्या पाठीवर घातला. सगळे खाली गेल्यावर काका माझ्याकडे आले. बोटाने कुंकू लावले. मग पूजेचा तांब्या उचलून माझ्या उघड्या तोंडात हळूहळू पाणी ओतले.

"त्या दिवशी पाणी देवूक नाय इला गो," ते म्हणाले. "आता घे."

सरळ नळी असते तर ते पाणी दुसऱ्या टोकाने केव्हाच वाहून गेले असते. मी वाकडी आहे. थोडे सांडले, बाकीचे माझ्या वाकात थांबले. काकांनी दांडी नव्हती म्हणून कानच माझ्या अंगाला लावला आणि रोजचा प्रश्न विचारला.

"पाणी हा ना?"

हो काका, आहे.